वहिनीला गिरणीत ऐकू यायचं

आमच्या कॉलनीच्या वळणावर पिठाची एक गिरणी अजून तग धरून आहे. घरोघरी घरघंट्या आल्या, पिशवीबंद पीठ आलं, त्यामुळं ती आता दिवेलागणीच्या सुमारास थोडा वेळच चालते. परवा भाजी घेऊन परतताना तिच्यापाशी माझे पाय थबकले. ज्वारीचं पीठ डब्यात उतरत होतं. त्याचा तो ऊन, किंचित गोडसर, किंचित करपल्यासारखा वास रस्त्यावर पसरला होता आणि पट्ट्याची फटफट पायाखालच्या फरशीतून तळव्यांना जाणवत होती. गिरणीवाल्यानं मान वर करून विचारलं, "दळण कुठाय, बाई?" मी म्हटलं, "दळण नाही, उगीच थांबले." त्यानं माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि तो पुन्हा कामाला लागला. मी मात्र पिशवी या हातातून त्या हातात घेत बराच वेळ तिथंच उभी होते. बीडमध्ये राहून इतकी वर्षं झाली, तरी तो वास मला केजकडच्या आमच्या गावात नेऊन सोडतो, आणि गावात नेला की थेट वहिनीसमोर नेऊन उभा करतो.

वहिनी आमच्या घरी आली ती गेवराईकडच्या तलवाड्याहून. गोऱ्या-सावळ्याच्या मधला वर्ण, रुंद कपाळ, आणि हसली की शेजारच्या आळीत कळावं असं हसू. आमचं घर तसं अबोल. आबा शेतात, आणि शेतातून आले की ओसरीवर पान लावत गप्प. माझा थोरला भाऊ तर इतक्या हळू बोलायचा, की बैलांनाही त्याचं ऐकायला कान टवकारावे लागत असतील. बोलायची ती एकटी माय. तिच्या बोलण्याला आम्ही सगळे पावसाच्या आवाजासारखे सरावलो होतो. त्या घरात वहिनी आली आणि तलवाड्याच्या गोष्टी सांगू लागली. तिथल्या बाजाराच्या, मैत्रिणींच्या, विहिरीत पोहायला शिकताना दोर तुटल्याच्या. मी तेव्हा केजच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते. रोज जीपनं जायचे-यायचे. संध्याकाळी घरी आले, की वहिनी चहाचा कप हातात द्यायची आणि दिवसभराचं सगळं तिखटमीठ लावून सांगायची. नणंद-भावजयीपेक्षा आम्ही मैत्रिणीच जास्त होतो.

मुलगी झाली आणि वहिनी हळूहळू मिटत गेली. एखादं फूल उन्हानं मिटतं तसं पटकन नाही. दिवाळीला कळावं, की अरे, दसऱ्यालाही ही फारशी बोलली नव्हती, इतक्या बेतानं. आधी गोष्टी थांबल्या. मग ते मोठं हसू गेलं. मग बोलणंच इतकं बारीक झालं, की माय म्हणायची, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटती ही? शिव्या देती का मला?" हाक मारली तर ती ओ देईना. भाऊ काही विचारायचा, ती चुलीकडं तोंड करून भाकरी थापत राहायची. तो क्षणभर उभा राहायचा आणि निघून जायचा. एकदा तो मला म्हणाला, "ती मला उत्तरच देत न्हाई. काय चुकलं माझं, ते तरी सांगावं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

ऐकू येत नसेल, ही शंका कोणालाच आली नाही असं नाही. आबांनी एकदा काढली होती. पण मायकडं त्यावर बिनतोड पुरावा होता. गिरणी. आमच्या गावात पाराच्या मागं पत्र्याच्या खोलीत गिरणी होती आणि दळण घेऊन बहुतेक वेळा वहिनीच जायची. इंजिनाच्या त्या धडधडाटात भल्याभल्यांना शेजारच्याचं बोलणं कळत नसे, पण वहिनी तिथं सगळ्या बायकांशी नीट बोलायची, विचारलेल्याला नेमकं उत्तर द्यायची, हसायचीसुद्धा. मायनं ते स्वतः पाहिलं होतं. "गिरणीत लई चांगलं ऐकू येतं तिला," माय म्हणायची, "जगाचं ऐकू येतं. घरात पाय ठेवला की सासूचं तेवढं येत न्हाई. हे बहिरेपण हाय का सोंग हाय, तुमीच सांगा."  

त्या वर्षी कार्तिकात गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघून गेल्या आणि कापूस वेचायला बाया मिळेनात. घरचीच सगळी माणसं रानात उतरली. वहिनीनं बांधावरच्या लिंबाला झोळी बांधून लेकीला निजवलं आणि ती जवळच्याच ओळीत वेचायला लागली. झोळीच्या दोरावरून लाल मुंग्या उतरल्या. लेकरू किंचाळून उठलं. पार पलीकडच्या पट्टीत वाकलेल्या बायांनी ते ऐकलं, माय ओटीतला कापूस सांडत धावली, आणि वहिनी झोळीकडं पाठ करून, अवघ्या दहा-पंधरा हातांवर, शांतपणे बोंडं वेचत होती. मायनं लेकराला उचललं तेव्हा त्याच्या मानेवर आणि पोटावर लालभडक गांधी उठल्या होत्या. वहिनीनं वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्याचं जे झालं ते पाहिलेल्या बाया पुढं कितीतरी दिवस सांगत होत्या. पण त्या क्षणी मायला तो चेहरा दिसला नाही. तिला फक्त ती पाठ दिसली होती.

संध्याकाळी मी घरी आले तर लेकरू मायच्या मांडीवर होतं आणि वहिनी आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. माय म्हणाली, "तलवाड्याला निरोप धाडलाय. बाप येईल, घेऊन जाईल. काही दिस माहेरी राहू दे. पोरगी हितंच राहील, माझ्यापाशी." काही दिवस म्हणजे किती, हे तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. भाऊ खांबाला धरून उभा होता. वहिनी आमच्या ओठांकडं एकेक करून पाहत होती. तिला काहीतरी कळत होतं, आणि सगळं कळत नव्हतं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी शाळेत ध्वनीचा धडा शिकवत होते. मला तो धडा मनापासून आवडायचा, अजूनही आवडतो. आवाज म्हणजे काय, तर थरथर. काहीतरी हलतं, ते शेजारच्या हवेला ढकलतं, ती हवा पुढच्या हवेला ढकलते, आणि दाटी-विरळीची एक लाट पसरत जाते. हवा मात्र जागच्या जागीच झुलते. मुलांना हे लवकर पटायचं नाही. मग मी त्यांना खिडकीपाशी न्यायचे. शाळेमागं ज्वारीचं रान होतं. वारा आला, की त्यावरून लाट धावत जायची, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मी विचारायचे, "लाट पळाली, पण ज्वारीचं ताट गेलं का एखादं पलीकडं?" मुलं हसायची. आवाज असाच पळतो, आणि वाटेत जे भेटेल त्यातून पळतो. हवेतून पळतो, पाण्यातून त्याहून वेगानं, लाकडा-लोखंडातून आणखी वेगानं. दूरच्या बांधावर कोणी कुऱ्हाड चालवत असलं तर घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. हिवाळ्यात सांजेला जमिनीलगतची हवा गार होते, तेव्हा वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो, म्हणून पलीकडच्या गावातलं कीर्तन आपल्या अंगणात असल्यासारखं ऐकू येतं. हे मी लहानपणी ऐकलं होतं. त्याचं कारण कळलं, तेव्हा त्यातली गोडी कमी होण्याऐवजी वाढलीच.

त्या दिवशी मी वर्गात नादकाटा फिरवला होता. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा तो पोलादी काटा, खाली दांडी. रबरावर आपटला की गुणगुणतो. मुलांनी तो कानाशी धरला, पाण्याला टेकवून शिंतोडे उडवले. मग मी त्यांना दांडी कानामागच्या हाडावर टेकवायला लावली आणि दोन्ही कान बोटांनी बंद करायला सांगितले. कान बंद, तरी आवाज मोठा. मुलांचे डोळे विस्फारले. हाडातूनही आवाज आत जातो, बाहेरचा दरवाजा लागतच नाही, असं मी सांगितलं आणि तास संपला.

दुसऱ्या दिवशी रविवार. वहिनीचे वडील अजून आले नव्हते. घरात राहवेना म्हणून मी दळणाचा डबा उचलला आणि वहिनीला खूण केली. आम्ही दोघी गिरणीत गेलो. इंजिन धडधडत होतं, पत्रा थडथडत होता, आणि प्रत्येक बाई घसा ताणून बोलत होती. मीही ओरडूनच वहिनीला विचारलं, "भाकरी खाल्ली का तू?" ती माझ्या ओठांकडं पाहत नव्हती, पिठाकडं पाहत होती. तशीच म्हणाली, "न्हाई. जात न्हाई घास." आम्ही तिथं बोललो. कितीतरी दिवसांनी बोललो. ती म्हणाली, "हितं आले की बरं वाटतं. हितं समदे मला कळत्यात. घरी कोन काय बोलतंय, कळतच न्हाई. मला वाटतं, समदे माझ्याबद्दल हळू हळू बोलत्यात." दळण घेऊन आम्ही बाहेर पडलो. इंजिनाचा आवाज मागं पडला. वाटेत मी नेहमीच्या आवाजात तिला काही विचारलं. ती माझ्या पुढं चालत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

मी रस्त्यात उभी राहिले. गिरणीत आपण सगळे ओरडत होतो, आणि ओरडतोय हे आपल्याला कळतही नव्हतं. गलका असला की माणूस आपोआप आवाज चढवतो. तो गलका आमच्या कानांना दुखवत होता, तिच्या कानांपर्यंत मात्र तो नीट पोचतच नसावा. तिला ऐकू येत होती ती फक्त त्या गलक्याच्याही वर चढलेली, कानाजवळची आमची हाक. ज्या गोष्टीला माय सोंगाचा पुरावा म्हणत होती, ती कदाचित खऱ्या बहिरेपणाची खूण होती. मला खात्री नव्हती. मी डॉक्टर नव्हते, आठवी-नववीच्या पोरांना शिकवणारी बाई होते. पण माझ्या शाळेच्या पिशवीत नादकाटा तसाच राहिला होता.

सांजेला सगळे ओसरीवर होते. मी वहिनीला पाटावर बसवलं, नादकाटा चपलेच्या टाचेवर आपटला आणि तिच्या कानाशी धरला. ती माझ्याकडं पाहत राहिली. मान हलवली. न्हाई. मी दांडी तिच्या कानामागच्या हाडावर टेकवली.

वहिनी दचकली. तिनं हात वर नेला, माझं मनगट घट्ट पकडलं आणि काट्याची दांडी हाडावर आणखी दाबून धरली. "वाजतंय," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं, "वाजतंय गं!" तिचा तो आवाज त्या घरात जवळजवळ वर्षभरानं कोणी ऐकला असेल. लेकरूसुद्धा मायच्या मांडीवरून मान वळवून पाहायला लागलं.

मायनं लेकराला आबांकडं दिलं आणि ती उठली. "दे हिकडं," तिनं माझ्या हातून काटा घेतला. आधी स्वतःच्या चपलेवर आपटून स्वतःच्या कानाशी धरला, गुणगुण ऐकली, मान डोलावली. मग म्हणाली, "डोळे मिटाय सांग तिला. आन् तू बोलू नगंस." मायच्या मनात काय आहे हे मला कळलं. ती सोंग पकडणार होती. ती वहिनीच्या मागं गेली. एकदा काटा वाजवून कानाशी धरला, वहिनी गप्प. एकदा न वाजवताच हाडाला टेकवला, वहिनी म्हणाली, "काय न्हाई." एकदा वाजवून टेकवला, "आता हाय." पुन्हा न वाजवता. "न्हाई." पुन्हा कानाशी, अगदी कानाच्या पाळीला चिकटेल इतका जवळ, आणि तो आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. वहिनी वाट पाहत बसली होती, मिटल्या डोळ्यांनी, काहीतरी येईल म्हणून. मायनं कितीदा तरी असं केलं. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं इतका नेटका प्रयोग कधी केला नसेल. आणि प्रत्येक वेळी वहिनीचं उत्तर खरं निघत गेलं, तशी मायच्या हातातली चपळाई कमी होत गेली. शेवटी तिनं काटा माझ्या हातात ठेवला आणि पदर डोक्यावर ओढून घेत खांबाशी जाऊन बसली.

"मग लेकरू रडलं तवा..." ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, "तिला आलंच नसंल, माय." तो हळूच म्हणाला, नेहमीसारखा. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. तो वहिनीच्या समोर जाऊन उकिडवा बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाला, "तुला माझं ऐकू येत नव्हतं का गं?" वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तुमी बोलत व्हता?"

सकाळी तिचे वडील आले. तलवाड्याहून बस बदलत बदलत आलेला धुळीनं माखलेला माणूस, हातात लेकराला आणलेलं झबलं, आणि चेहऱ्यावर लेकीला परत न्यायला आलेल्या बापाची मेलेली कळा. ते ओसरीच्या कडेवर बसले, आत येईनात. आबांनी पाणी पुढं केलं. माय बाहेर आली. मला वाटलं, आता हिच्या तोंडून काय निघतं कोण जाणे. माय म्हणाली, "आत या, पाव्हणं. पोरीला न्यायचं तर हायच, पर तलवाड्याला न्हाई. आंबाजोगाईला न्यायचंय, कानाच्या डॉक्टरकडं. तुमी बी चला." त्यांना आधी काही कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आबांनी पुढं केलेलं पाणी घेतलं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिलं. पडदा चांगला होता. मग त्यांनी टेबलाच्या खणातून काढला तो एक नादकाटाच. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी तेच केलं जे मायनं केलं होतं, मग एका बंद खोलीत बसवून यंत्रावर तपासलं, आणि बाहेर येऊन समजावून सांगितलं. कानाच्या पडद्यामागं तीन चिमुकली हाडं असतात, हातोडा, ऐरण आणि घोडेस्वार पाय अडकवतो तसली रिकीब. पडद्याची थरथर ती एकमेकांना देतात आणि शेवटची रिकीब ती आतल्या पाण्यात पोचवते. वहिनीची रिकीब जाम झाली होती, दाराची कडी गंजून बसावी तशी. आतलं सगळं शाबूत होतं. बाळंतपणानंतर हे दुखणं बऱ्याच बायकांमध्ये बळावतं, असं ते म्हणाले.

मायनं विचारलं, "पर ती इतकं हळू का म्हून बोलती? बहिरं माणूस तर वरडतं."

"तिचा स्वतःचा आवाज तिला हाडातून ऐकू येतो, मावशी. बाहेरचा गलका आत येत नाही, म्हणून तिला वाटतं आपण लई मोठ्यानं बोलतोय. तुम्हाला त्रास नको म्हणून ती आवाज खाली घेते."

 माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

ऑपरेशन होण्यासारखं होतं. ती रिकीब काढून तिच्या जागी तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक एक दट्ट्या बसवायचा. बहुतेकांना ऐकू येतं, पण एखाद्याचं आहे तेही जातं, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. आबा म्हणाले, विचार करू. वहिनीचे वडील म्हणाले, कानात सुरी घालायची म्हणजे...  सगळे एकमेकांकडं बघत होते आणि वहिनी सगळ्यांकडं. मी एका कागदावर दोन्ही बाजू लिहून तिच्यापुढं धरल्या आणि तोंड तिच्या कानाशी नेऊन मोठ्यानं वाचूनही दाखवल्या. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "करू द्या. पोरगी आता बोलाय लागंल. तिचा पहिला शब्द मला कुनी सांगाय नको."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. पूर्ण भूल देत नाहीत, कानापुरतीच देतात, माणूस जागा असतो. डॉक्टर बाहेर आले ते हसत. म्हणाले, दट्ट्या बसवला आणि नेहमीच्या आवाजात, थोडं हळूच, विचारलं, "ताई, गाव कोणतं तुमचं?" तिनं ताबडतोब सांगितलं, "तलवाडा."

 सासरी येऊन इतके दिवस झाले होते, कागदावर आमच्याच गावाचं नाव होतं. वहिनीच्या वडिलांनी ओशाळून आमच्याकडं पाहिलं. भाऊ खाली मान घालून उभा होता. मग तो वर बघून हसला. म्हणाला, "बरोबरच सांगितलं की. आमच्या गावाचं तिला आजून ऐकू कुठं आलंय?"

काही दिवस तिला गरगरत होतं, भिंत धरून चालावं लागायचं. कानातला बोळा निघाला तो दिवस मात्र मला स्वच्छ आठवतो. तिला आधी काही गोड वाटलंच नाही. भांड्यांचा आवाज सोसेना, पत्र्यावर कावळा बसला तरी ती दचकायची. "इतका गोंधळ असतो व्हय हितं?" ती म्हणाली. मग एकेक आवाज ती ओळखत गेली. भाऊ ओसरीवरून त्याच्या त्या पुटपुटत्या आवाजात म्हणाला, "पानी दे," आणि आतून उत्तर आलं, "आन्ते." दोन साधे शब्द. भाऊ पाणी पिऊन झाल्यावर उगीचच आणखी एक तांब्या मागून प्याला. माय मात्र अडचणीत आली. चुलीपाशी बसून सुनेविषयी जे जे मनात येईल ते बडबडायची तिला सवय लागली होती, आणि आता आतल्या खोलीतून शांतपणे आवाज यायचा, "ऐकू येतंय बरं का मला." माय आधी चपापली, मग खुदकन हसली, मग दोघीही हसल्या. मायनं माफी वगैरे कधी मागितली नाही. फक्त पुढं कितीतरी दिवस बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि विचारायची, "लई मोठ्यानं बोलले का गं?" पोरीचा पहिला शब्द 'आबा' निघाला. वहिनीनं तो स्वतःच्या कानानं ऐकला आणि थोडी रुसली.

आज माय नाही, आबा नाहीत. शाळेतून मीही निवृत्त झाले. आवाजाचं एक शास्त्र असं, की तो कुठं साठून राहत नाही. लाट पसरते, पातळ होते आणि शेवटी तिची सगळी थरथर हवेच्या उबेत मिसळून जाते. आमच्या त्या घरात जे बोललं गेलं, जे बोललंच गेलं नाही असं आम्हाला वाटलं, मायच्या तक्रारी, भावाच्या न पोचलेल्या हाका, सगळं विरून त्या ओसरीवरची हवा नखभर, त्याहूनही कमी, गरम करून गेलं असेल. कुठल्याही यंत्राला ती ऊब मोजता यायची नाही. मग उरतं काय, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. त्याचं एक उत्तर मला गेल्या महिन्यात मिळालं.

भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. केजला तपासणीला गेलो तेव्हा वहिनी आणि मी दोघी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर जेली लावून हातात मावेल असं एक यंत्र टेकवलं. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही इतक्या उंच पट्टीचा आवाज ते आत धाडतं. हलत्या काळजावर आपटून तो परततो तेव्हा किंचित बदललेला असतो, आणि तेवढ्या बदलातून यंत्र आपल्याला ऐकू येईल असा ठोका बनवतं. खोलीत तो ठोका घुमला, घाईघाईचा, न थकणारा. वहिनीचं तोंड दुसरीकडं होतं. ती भिंतीकडं बघत डोळे मिटून ऐकत होती.

भाचीनं तिला हाक मारली नाही. तिनं आडव्यानंच हात लांबवून आईचं मनगट धरलं, हलकेच दाबलं, आई वळेपर्यंत थांबली, तिचे डोळे आपल्या ओठांवर आलेत याची खात्री करून घेतली, आणि मगच विचारलं, "आई, ऐकू आलं?"

वहिनी म्हणाली, "आलं गं."

बाहेर आल्यावर जावई हसत हसत म्हणाले, "हिची सवयच आहे ही. कोणालाही हाक मारत नाही. आधी हात धरते, आपण वळून बघितलं की मग बोलते. कुठून शिकली कोण जाणे." भाची म्हणाली, "मला नाही माहीत. पहिल्यापासूनच आहे." तिला आठवायचं कारण नाही. ते दिवस सरले तेव्हा तिला बोलताही येत नव्हतं. पण बोलायच्या आधीच, त्या वर्षभरात, आईपर्यंत कसं पोचायचं हे ती शिकली होती. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं, आणि आम्ही दोघी जावयांना काही न सांगता जीपकडं चालायला लागलो.